नऊ मार्चचा रकाना

अठरा मार्चच्या सकाळी माझ्या कागदावर चोवीस नावं पक्की होती. पंचविसावी ओळ रिकामी होती. ती तोमाबेची केइगोला मिळणार की शिराईला, एवढंच ठरायचं होतं.

आमच्या विद्यापीठाच्या बेसबॉल संघात एकशे अठरा खेळाडू. एप्रिलमधल्या लीगसाठी पाठीवर नंबर मिळतो तो पंचवीस जणांना. उरलेले त्र्याण्णव गॅलरीत उभे राहून घसा फोडतात. उत्तरेत, आमच्या इवातेमध्ये, मार्चमध्येही मैदानावर बर्फ असतो, म्हणून दरवर्षी तीन आठवडे आम्ही दक्षिणेला मियाझाकीत येतो आणि इथल्या विद्यापीठांशी सराव सामने खेळतो. या सामन्यांवरून माणसं निवडली जातात. निवड मुख्य प्रशिक्षक नागामिने करतात. सगळे त्यांना कांतोकु म्हणतात. आकडे मी देतो. दुसऱ्या वर्षी खांदा गेला तेव्हापासून माझं काम तेच. जाळीमागे बसायचं, प्रत्येक चेंडूचा वेग आणि प्रकार लिहायचा, रात्री त्याची बेरीज करायची.

तोमाबेची चौथ्या वर्षाचा, तीन वर्षं माझ्याच खोलीत राहणारा. त्याला आजवर एकदाही नंबर मिळाला नव्हता. सेंदाईच्या एका कंपनीच्या संघाने त्याला सांगून ठेवलं होतं, की वसंतातल्या लीगमध्ये मैदानावर दिसलास तर घेऊ. गॅलरीत उभा असलेला माणूस कोणी घेत नाही. शिराई दुसऱ्या वर्षाचा होता. त्याच्यापुढे अजून दोन वसंत होते, तोमाबेचीपुढे हा एकच.

आकडे असे होते. बारी म्हणजे बॅट घेऊन एकदा उभं राहणं, हिट म्हणजे त्यात चेंडू मारून सुखरूप बेसवर पोचणं. तोमाबेची : बारा बाऱ्या, पाच हिट. शिराई : एकोणीस बाऱ्या, पाच हिट. त्या दिवशीचा शेवटचा सामना झाला की दोन वाजेपर्यंत कागद कांतोकुंच्या हातात द्यायचा होता. अडीचला विमानतळाची बस होती. तोमाबेचीने अगदीच माती खाल्ली नाही तर नंबर त्याचाच, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदही झाला होता.

पावणेदहाला समोरच्या संघाची व्यवस्थापक इसोमुरा खेळाडूंच्या क्रमाचं कार्ड द्यायला आली. तीही चौथ्या वर्षाची. बोलायला मोकळी, आणि स्कोअरवही इतकी नेटकी की आम्ही तिच्या वहीचे फोटो काढून ठेवायचो.

“नीइनुमा-सान, तुमच्या पोरांचे आभार मानायचे राहिलेच हो,” कार्ड माझ्या हातात देत ती म्हणाली. “नऊ तारखेला आमच्या हिरासेला फार सांभाळून घेतलंत.”

“सांभाळून कसलं?”

“म्हणजे काय! बिचारा बसमध्येच रडवेला झाला होता. आज माझा खिमा होणार म्हणाला. आमच्या सरांनी त्याला शिक्षा दिलीये ना, महिनाभर एकही वळणारा चेंडू टाकायचा नाही. फक्त सरळ. नऊच्या नऊ इनिंग त्याने सरळ टाकले. तरी तुमच्या सातच हिट! तेव्हापासून नुसता हवेत आहे.”

मी हसलो असेन. “एकही वळणारा नाही?” मी विचारलं.

“एकशे बारा चेंडू, एकशे बारा सरळ. वही दाखवू?”

तिने वही दाखवली. एकशे बारा चौकोन, सगळ्यांत एकच खूण.

नऊ मार्चला आमचे दोन सामने दोन मैदानांवर होते. वेग मोजायचं यंत्र, कॅमेरा आणि मी, तिघेही पहिल्या संघाबरोबर होतो. दुसरा संघ हिरासेसमोर खेळला. त्या सामन्याची माझ्याकडे फक्त धावपत्रिका होती आणि बेंचवरची नोंदवही. आमच्याकडे बॅटिंग करून परतलेला प्रत्येक जण पिचर काय टाकतोय ते सांगतो. चेंडू कुठून वळतो, कधी पडतो. ते वहीत लिहिलं जातं, आणि पुढचा खेळाडू ते ऐकून मैदानात जातो. त्या रात्री चेंडूंच्या प्रकारांचा रकाना मी त्या वहीवरून भरला. स्वतः न पाहिलेला रकाना कोरा ठेवायचा, हा माझाच नियम. तो मी मोडला, कारण कोरा रकाना दिसायला वाईट दिसतो.

माझ्या कागदावर हिरासेच्या नावापुढे लिहिलं होतं : वळणारे चेंडू, अंदाजे तीनात एक.

मी सामानाच्या पेटीतून नोंदवही काढली. पहिल्या इनिंगनंतर तोमाबेचीची नोंद होती : “सरळ. बाकी काही दिसलं नाही.” तिसऱ्या इनिंगनंतर त्याचीच : “बाहेर वळणारा आहे. अगदी शेवटी वळतो, त्याची वाट बघा.” सहाव्यानंतर : “तोच. आता जास्त टाकतोय.” नंतरच्या चार-पाच जणांनी “तोमाबेची म्हणतो तसंच” एवढंच सांगितलं होतं. मला दिसला नाही असं संघासमोर कोण म्हणणार? ज्याने चार बाऱ्यांत चार हिट मारल्या, त्याने सांगितलेलं.

बाकी सगळ्या संघाच्या मिळून हिट होत्या तीन. शिराई तीनात शून्य. आणि मुकाई चारात शून्य, त्यातही तीनदा तीन स्ट्राइकवर बाद.

मुकाई चौथ्या वर्षाचा. दहा मार्चला सकाळी कांतोकुंनी त्याला बोलावून घेतलं आणि माझा कागद समोर ठेवला. राखीव पिचरच्या वळणाऱ्या चेंडूवर तू तीनदा फसतोस, लीगमध्ये तुझं काय होणार, आजपासून विद्यार्थी प्रशिक्षक हो, असं सांगितलं. विद्यार्थी प्रशिक्षक म्हणजे खेळणं संपलं. बाकीच्यांच्या सरावासाठी चेंडू मारून द्यायचे. मुकाईने वाकून “हो” म्हटलं. आत्ता तो मैदानावर तेच करत होता. चेंडू उंच उडवत होता, क्षेत्ररक्षक धावत होते, आणि तो मोठ्याने ओरडत होता, “अरे, पाय आहेत की चॉपस्टिक? पळ!”

सामना सुरू व्हायला वीस मिनिटं होती. तोमाबेची डाव्या कुंपणापाशी पाय ताणत बसला होता. मी वही घेऊन त्याच्याकडे गेलो.

“काय नीइ, चेहरा का असा? रात्रीचा भात बाधला?”

“नऊ तारखेला हिरासेने किती वळणारे टाकले?”

“आता नऊ दिवसांपूर्वीचं…”

“आकडा सांग.”

“दहाएक असतील.”

“शून्य. त्यांची वही बघून आलोय. एकशे बारापैकी शून्य.”

तो पाय ताणत राहिला. उजवा झाला, मग डावा. “एखादा वाऱ्याने वळला असेल,” तो म्हणाला.

“तिसऱ्या इनिंगला तू ‘अगदी शेवटी वळतो’ म्हणालास. ते कुठून आणलंस?”

आता तो उठून उभा राहिला. आजूबाजूला कोणी आहे का ते आधी पाहिलं. “पिचर मान हलवत नव्हता,” तो हळू आवाजात म्हणाला. “पहिल्या बारीत लक्षात नाही आलं, ती हिट नशिबाची. दुसऱ्या बारीत बघितलं. कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांनी सांगतच नाहीये. पिचर चेंडू घेतो आणि टाकतो. खूणच नाही म्हणजे चेंडू एकाच प्रकारचा. आंधळ्यालाही दिसलं असतं.”

“मग ते बेंचवर का नाही सांगितलंस?”

“माझ्यामागे मुकाई, त्याच्यामागे शिराई. जागा एक. तू सांगितलं असतंस?”

“न सांगणं वेगळं. तू खोटं सांगितलंस.”

“सराव सामना होता रे. लीगमध्ये असलं केलं असतं का मी?”

“निवड सराव सामन्यांवरच होते.”

“ते मला शिकवतोस?” त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “तीन वर्षं त्या गॅलरीत ढोल बडवलाय मी. कागद कधी द्यायचाय?”

“दोनला.”

“मग सामना संपेपर्यंत वेळ आहे.” त्याने टोपी घातली. “आज मारतो. आज तीन हिट मारल्या तर नऊ तारखेची गरजच नाही. बरोबर?”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. जाळीमागे जाऊन बसलो.

त्या दिवशी तोमाबेची पाचव्या क्रमांकावर होता आणि शिराई लगेच त्याच्यामागे. समोर चौथ्या वर्षाचा उंच पिचर होता. त्याचा सरळ चेंडू ताशी एकशे त्रेचाळीस किलोमीटरचा, आणि दुसरा एक चेंडू, जो बॅटपाशी येऊन गच्चीवरून ढकलल्यासारखा खाली पडायचा. पहिल्या तिघांना त्याने त्याच चेंडूवर गुंडाळलं.

दुसऱ्या इनिंगला तोमाबेची आला. पहिला सरळ, त्याने सोडला, स्ट्राइक. दुसरा सरळ, जाळीवर उडाला. तिसरा खाली पडला आणि त्याची बॅट त्याच्या वरून गेली. बाद.

परतताना तो वाटेत शिराईपाशी थांबला. तोंड त्याच्या कानाशी नेलं. तीन सेकंद, फार तर चार. मी जाळीमागे होतो, मला काहीच ऐकू आलं नाही. शिराईने दोनदा मान डोलावली. शिराई सगळ्यांचंच ऐकतो. तोमाबेचीचं तर जास्तच, कारण जेवणघरात तोमाबेची त्याच्याच शेजारी बसतो आणि आपल्या मिसोच्या रसातले तोफूचे तुकडे त्याला देऊन टाकतो.

तोमाबेचीने त्याला काय सांगितलं हे मला फक्त शिराईच्या बॅटवरून कळणार होतं.

पहिला चेंडू खाली पडणारा. शिराईचे खांदेसुद्धा हलले नाहीत. चेंडू चौकटीच्या खालून गेला, बॉल. दुसरा सरळ, त्याने मारायचा प्रयत्न केला, उशीर झाला, स्ट्राइक. तिसरा खाली पडणारा. पुन्हा सोडला. असे चार बॉल झाले की शिराईला फुकट बेस, म्हणून आता पिचरला सरळ टाकणं भाग होतं. त्याने तो टाकला, आणि शिराईने उजव्या आणि मधल्या क्षेत्ररक्षकांच्या मधून कुंपणापर्यंत घालवला. दोन बेस.

आमचं बेंच उसळलं. तोमाबेचीही उभा राहून टाळ्या वाजवत होता. आज त्याने खरं सांगितलं होतं.

चौथ्या इनिंगला तोमाबेची सोपा झेल देऊन बाद झाला. सातव्याला त्याने चेंडू चांगला फोडला, आवाजावरून मला वाटलं गेला, पण मधल्या क्षेत्ररक्षकाने मागे पळत जाऊन झेलला. तोमाबेची पहिल्या बेसच्या पुढे दोन पावलं गेला होता. तिथेच थांबून कंबरेवर हात ठेवून तो त्या झेलाकडे बघत राहिला. दोन्ही वेळा परतताना त्याने शिराईच्या कानात सांगितलं. शिराईला पुढे दोन बाऱ्या मिळाल्या, दोन्हींत तो बाद झाला, पण खाली पडणाऱ्या चेंडूला त्याने एकदाही बॅट लावली नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी सामना संपला. आम्ही हरलो. त्याचं कोणाला काही नव्हतं.

मी स्टँडच्या सावलीत कागद पसरून बसलो. तोमाबेची : पंधरा बाऱ्या, पाच हिट. शिराई : बावीस बाऱ्या, सहा हिट. अजूनही तोमाबेचीच पुढे. मग नऊ मार्चचा रकाना झाकून बेरीज केली. तोमाबेची : अकरात एक. शिराई : एकोणिसात सहा. मुकाई : सातात तीन.

सातात तीन. तिघांत सगळ्यात चांगला मुकाईच होता.

तोमाबेची जेवणाची दोन खोकी घेऊन आला. एक माझ्यापुढे ठेवलं. तळलेली कोंबडी, भात, पिवळा मुळा. दोघांनीही झाकण काढलं नाही.

“आज मी खरं सांगितलं,” तो म्हणाला. “तू बघितलंस.”

“बघितलं.”

“मग झालं ना. फिटलं.”

“शिराईचं फिटलं असेल. मुकाईचं काय?”

“मुकाईला कांतोकुंनी काढलं. मी नाही.”

“माझा कागद बघून काढलं. कागद तुझ्या नोंदीवरून भरलेला.”

“म्हणजे चूक तुझी.”

“निम्मी माझी. ती मी सांगणारच आहे.”

मैदानावर दोन्ही संघ रांगेने माती सारखी करत होते. “नीइ,” तो म्हणाला, “तो रकाना तसाच ठेवलास तर कोणाला कळणार आहे? ती मुलगी काय इवातेला येणार आहे? मुकाई आता रुळलाय. बघ ना, खूश दिसतो. आईलाही फोन करून सांगून झालं त्याचं. त्याला आता उकरून काय मिळणार?”

“मला माहीत नाही.”

“मला काय मिळणार ते माहीत आहे तुला. नोकरी शोधत हिंडायचा काळा सूट.”

“हो.”

“तरी?”

मी पेन घेतलं आणि नऊ मार्चच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. कडेला लिहिलं : रद्द. चेंडूंचे प्रकार खोट्या नोंदीवरून भरले. तोमाबेचीने ते वाचलं. “‘खोट्या’ऐवजी ‘चुकीच्या’ लिही,” तो म्हणाला. “एवढं तरी.”

“चुकीच्या नव्हत्या.”

तो उठला आणि खोकं तिथेच ठेवून निघून गेला.

दोनला सात मिनिटं कमी असताना मी कांतोकुंना कागद दिला. ते सामानाच्या खोलीत बाकावर बसून बुटांची माती काढत होते. नागामिने चढ्या आवाजात बोलत नाहीत. वीस वर्षं कंपनीच्या संघात कॅचर होते, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत, आणि त्यातल्याच एका बोटाने त्यांनी रेघ मारलेला रकाना दाबून धरला.

“हे काय?”

मी सांगितलं. दोन मैदानं, कोरा रकाना, बेंचची वही, इसोमुराची वही. “न पाहता भरलं, ती माझी चूक,” मी म्हणालो.

“खोटी नोंद कोणाची?”

बाहेर बॅटांच्या पिशव्या बसमध्ये टाकल्याचा आवाज येत होता.

“तोमाबेचीची.”

“बोलाव त्याला.”

तो आला, टोपी काढून उभा राहिला. कांतोकुंनी खरं-खोटं विचारलं नाही. “पिचर एकच चेंडू टाकतोय, हे तुला केव्हा कळलं?” एवढंच विचारलं.

“दुसऱ्या बारीत. दोन चेंडूंनंतर.”

“कशावरून?”

“तो मान हलवत नव्हता.”

“बेंचवर पंचवीस जण होते, मी त्यात नव्हतो,” ते म्हणाले. “कोणालाच दिसलं नाही. हे बेंचवर सांगितलं असतंस तर त्याच रात्री तुला नंबर दिला असता. पंचविसावा नव्हे, त्याहून वरचा. हिट कोणीही मारतं. असा डोळा मी दहा वर्षं शोधतोय.” त्यांनी कागदाची घडी घातली. “या वर्षी तू गॅलरीत.”

तोमाबेचीने वाकून “हो” म्हटलं. त्याचे कान लाल झाले होते.

“पंचविसावा नंबर आज कोणालाच नाही. घरी गेल्यावर चार दिवस शिराईला बघेन, आणि मुकाई तयार असेल तर मुकाईलाही. मुकाईला तुम्ही दोघं सांगा. मी नाही सांगणार. त्याला मी कागदावरून काढलं, ते मी माझं बघून घेईन. नीइनुमा, तूही जा.”

मुकाई तिसऱ्या बेसपाशी मातीवर लाकडी दाताळं ओढत होता. बाकीचे बसकडे गेले होते. उरलेली माती सपाट करायची जबाबदारी विद्यार्थी प्रशिक्षकाची.

आधी मी बोललो, मग तोमाबेची. त्याने काही गाळलं नाही. दुसरी बारी, न हलणारी मान, वहीतली तीन वाक्यं, सगळं. “मला नंबर हवा होता,” एवढंच शेवटी म्हणाला. मुकाई दाताळं ओढायचा थांबला.

“म्हणजे तो चेंडू नव्हताच,” तो म्हणाला.

“नव्हता.”

“मी तीन वेळा त्याची वाट बघत उभा होतो.”

मुकाईने दाताळ्याचा दांडा मातीत टेकवला.

“रात्री अंथरुणातसुद्धा शोधत होतो. म्हटलं, सगळ्यांना दिसतो, मलाच कसा दिसत नाही.” तो माझ्याकडे वळला. “तो दिवस काढला तर माझं किती?”

“सातात तीन.”

“शिराईचं?”

“एकोणिसात सहा.”

त्याने ओठांतल्या ओठांत भागाकार केला असावा. मग तळहात उलटा करून बघितला. नऊ दिवस सरावाचे चेंडू मारून त्यावर नवे घट्टे आले होते, ते बॅटिंगचे नव्हते, वेगळ्या जागी होते.

“चार दिवस म्हणाले?”

“चार.”

मुकाईने दाताळं तोमाबेचीच्या हातात दिलं. “तिथून इथपर्यंत राहिलंय,” तो म्हणाला. “आणि तुझे बॅटिंगचे हातमोजे काढून दे. माझे मी दहा तारखेलाच देऊन टाकले.”

तोमाबेचीने मागच्या खिशातून हातमोजे काढले. घामाने ओले होते. मुकाईने ते घेतले, झटकले, आणि तिथेच उभ्या उभ्या हातात चढवून बघितले. बोटांना थोडे आखूड होत होते.